वाचक विचारतात : संत जेरोम, एरंडाचं झाड आणि मोशेची शिंगं

मागच्या अंकात ३० सप्टेंबरच्या सणानिमित्त संत जेरोमवर अर्धं पान लिहिलं होतं, बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा धर्मगुरू, बेथलेहेमला वारला, एवढंच. त्यावर इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, पोस्टाने आले, व्हॉट्सॲपवर आले, मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर थांबवून सुद्धा लोकांनी विचारलं. सगळे घेता येत नाहीत, काही सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्या आजोबांचं नाव जेरोम, मुलाचं पण आम्ही तेच ठेवलं. पण हा संत नक्की कोण ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. फोटोत लाल झगा आणि शेजारी सिंह एवढंच माहीत. (नायगावहून एक वाचक)

आधी सिंहाचं सांगते. तो सिंह जेरोमचा नाहीच. यार्देन नदीकाठी गेरासिमस नावाचा एक साधू राहायचा, त्याने सिंहाच्या पंजातला काटा काढला अशी गोष्ट आहे, आणि दोघांची लॅटिन नावं कानाला इतकी जवळची की मध्ययुगात कधीतरी ती गोष्ट याच्या नावावर गेली. चित्रात त्या झग्याबरोबर असते त्या लाल टोपीचं पण तसंच. कार्डिनलना, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांना, लाल टोपी मिळाली १२४५ साली, तोपर्यंत जेरोमला जाऊन आठशे वर्षं झाली होती. तो कार्डिनल कधीच नव्हता.

आता माणूस. जन्म साधारण ३४७ सालचा, गावाचं नाव स्ट्रिडॉन, आजच्या क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या बाजूला कुठेतरी, गॉथ लोकांनी ते गाव त्याच्या हयातीतच उद्ध्वस्त केलं. घरचं बरं होतं म्हणून शिकायला रोमला पाठवलं, तिथे डोनाटससारखा नावाजलेला व्याकरणाचा गुरू मिळाला, बाप्तिस्मा पण रोमलाच झाला. वाचनाचं वेड एवढं की पुस्तकं स्वतःच्या हाताने उतरवून घेऊन त्याने आपला संग्रह केला, आणि सगळं सोडून पूर्वेकडे निघाला तेव्हा घरदार सोडवलं पण पुस्तकं काही सोडवली नाहीत. पुढे अंत्योखियात तापाने फणफणला असताना त्याला ते स्वप्न पडलं, हे त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय. देवाच्या न्यायासनापुढे उभा आहे, तू कोण म्हणून विचारलं, मी ख्रिस्ती असं म्हणाला, तर उत्तर आलं की खोटं बोलतोस, तू सिसेरोचा माणूस आहेस, ख्रिस्ताचा नाहीस. सिसेरो म्हणजे रोमचा मोठा वक्ता आणि लेखक. त्याचं लॅटिन वाचून झाल्यावर बायबलमधल्या संदेष्ट्यांची भाषा जेरोमला ओबडधोबड वाटायची, ती बोच होती आणि ती स्वप्नात आली.

तिथून सिरियाच्या वाळवंटात, कॅल्सिसला, दोनेक वर्षं. मग अंत्योखियात धर्मगुरूची दीक्षा, मग कॉन्स्टँटिनोपल, ३८२ मध्ये परत रोम, पोप डमाससचा सेक्रेटरी. ३८५ मध्ये रोम सोडावं लागलं, आणि ३८६ पासून ४२० मध्ये मरेपर्यंत बेथलेहेम, म्हणजे चौतीस वर्षं एका जागी. मोठं काम तिथलं.

प्रश्न : धर्मगुरू होता म्हणता, मग त्याची पॅरिश कुठली? (विरारहून एक आजी)

पॅरिश नव्हती, आजी. दीक्षा घेतानाच त्याने अट घातली होती की मी संन्यासीच राहणार, कुठल्या देवळाशी बांधला जाणार नाही. बेथलेहेमला तर असं होतं की मठात दोन धर्मगुरू, जेरोम आणि विन्सेंटियस, आणि दोघंही आपण त्या लायकीचे नाही म्हणून वेदीवर उभे राहायचे नाहीत, मिस्सा करायला बाहेरून कुणी यावं लागे. सायप्रसच्या बिशप एपिफानियसच्या पत्रात हे आहे. त्याची सेवा म्हणजे पुस्तक, तो मठातल्या लोकांना शास्त्र समजावून सांगायचा, पोरांना शिकवायचा आणि रात्री दिव्याखाली लेखनिकांना लिहून घ्यायला लावायचा.

प्रश्न : लॅटिन बायबल आधी नव्हतंच का? आणि हिब्रू भाषा त्याला कोणी शिकवली? (एक शिक्षिका, पालघर)

होतं, तीच तर अडचण होती. जुनी लॅटिन भाषांतरं ढीगभर होती, एकाने उतरवताना चुकवलेलं, दुसऱ्याने शहाणपणा करून सुधारलेलं, तिसऱ्याला झोप लागलेली. जितक्या पोथ्या जवळजवळ तितके पाठ, असं तो शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांच्या, प्रस्तावनेत म्हणतो. पोप डमाससने त्याला सांगितलं की हे मूळ ग्रीकशी ताडून नीट कर, आणि त्या प्रस्तावनेतच त्याने लिहून टाकलं की आता जो कोणी हे हातात घेईल तो मला खोटारडा आणि देवाचं वचन बिघडवणारा म्हणेल. तसंच झालं.

जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, तर भाषांतराचं भाषांतर होता. मूळ हिब्रू, त्याचं ग्रीक सत्तरी भाषांतर येशूच्या आधी झालेलं, आणि त्या ग्रीकवरून लॅटिन. जेरोमने आधी ग्रीकवरूनच दुरुस्ती करून बघितली आणि मग त्याचं मन बसेना, मुळाशी गेल्याशिवाय हे सुटणार नाही म्हणाला. त्या काळात चर्चमध्ये हिब्रू येणारा माणूस शोधून सापडत नव्हता.

शिकवलं कोणी, तर पहिला गुरू वाळवंटातला, यहुद्यांमधून ख्रिस्ती झालेला एक साधू. विशी संपत आली होती, सिसेरोचं रसाळ लॅटिन जिभेवर बसलेलं, आणि आता मुळाक्षरं गिरवायची, घशातून काढायचे ते खरखरीत आवाज. कितीदा कंटाळून सोडलं आणि कितीदा परत धरलं ते त्याने म्हातारपणी एका पत्रात लिहिलंय, की बी कडू होतं पण आता फळ गोड लागतंय. मी रविवारी मुलांना शिकवते, मोठं झाल्यावर देवनागरी वाचायला शिकणारी माणसं मी बघितलीत, क आणि फ मध्ये बोट अडकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला त्या पत्रात दिसतं.

बेथलेहेमला त्याने बारनिनास नावाचा यहुदी शिक्षक धरला. हा रात्रीचा यायचा, कारण ख्रिस्ती संन्याशाला शिकवतो म्हणून आपल्याच लोकांची भीती, जेरोम त्याला निकदेमच म्हणतो, योहानच्या शुभवर्तमानातला रात्री येशूकडे येणारा तो. इकडे ख्रिस्ती लोक पण नावं ठेवत होतेच की यहुद्याकडून शिकतो, बारनिनासचं बारब्बास, म्हणजे येशूऐवजी सोडून दिलेला तो गुन्हेगार, करून चिडवायचे. आणि ईयोबच्या पुस्तकासाठी त्याने लोदहून एक पंडित आणला, चांगले पैसे मोजून. ईयोबाचं हिब्रू कसं आहे हे सांगायला त्याने उदाहरण दिलंय वाम माशाचं, की मुठीत जितकी घट्ट आवळाल तितकी पटकन निसटते. आपल्याकडे कोळणीच्या पाटीतली जिवंत वाम ज्याने उचललीय त्याला हे वेगळं समजवायला नको.

प्रश्न : एका शब्दावरून चर्चमध्ये दंगा झाला असं तुम्ही मागे ओझरतं लिहिलं होतं. कुठला शब्द? (वसईहून दोन-तीन जणांनी विचारलं)

योनाचं पुस्तक, चौथा अध्याय. योना निनवे शहराबाहेर रुसून बसलाय, ऊन तापतंय, देव एका रात्रीत त्याच्या डोक्यावर झाड वाढवतो, योनाला बरं वाटतं, आणि दुसऱ्या पहाटे देव किडा पाठवतो आणि झाड वाळून जातं. हे झाड कुठलं? हिब्रूत शब्द आहे किकायोन. ग्रीकवाल्यांनी भोपळा केला, त्यावरून जुन्या लॅटिनमध्ये पण भोपळा, आणि पिढ्यान् पिढ्या लोक देवळात भोपळाच ऐकत आले. जेरोमने लिहिलं आयव्ही, म्हणजे भिंतीवर चढतो तो वेल.

ओइया म्हणून शहर, आजचं लिबियातलं त्रिपोली. तिथल्या बिशपने जेरोमचं नवीन भाषांतर वाचायला लावलं आणि हा शब्द आला तशी सगळी देऊळभर आरडाओरड, विशेषतः ग्रीक लोकांची, की हे खोटं आहे. बिशप घाबरला, गावातल्या यहुद्यांना विचारायला गेला, ते म्हणाले आमच्या हिब्रूत पण ग्रीकसारखंच आहे. शेवटी बिशपने शब्द दुरुस्त केला, नाहीतर त्याच्याकडे माणसंच उरली नसती. हे सगळं उत्तर आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका बिशपने, संत ऑगस्टीनने, ४०३ च्या सुमारास जेरोमला पत्र लिहून कळवलं, आदराने पण काळजीने, की तुम्ही हिब्रूवरून करता त्यापेक्षा ग्रीकवरूनच केलेलं बरं, लोक फुटतील. ऑगस्टीनचा मुद्दा मला लहान वाटत नाही. प्रार्थनेतला एखादा शब्द बदलून किती वर्षं झाली तरी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका अजून जुनाच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द नुसता शब्द नसतो, त्यांची आई त्यात असते.

जेरोमने उत्तर दिलं ते तिखट आहे, भोपळ्याची बाजू घेणाऱ्यांची त्याने चांगलीच हजेरी घेतलीय. पण मधे तो जे लिहितो ते मला फार आवडतं. तो म्हणतो, हे झाड मी बघितलंय, इथे पॅलेस्टाइनच्या वाळूत उगवतं, पानं द्राक्षाच्या पानासारखी रुंद, सावली दाट, कसला आधार न घेता स्वतःच्या बुंध्यावर उभं राहतं, आणि बी टाकल्यावर चार दिवसांत झुडूप होतं. लॅटिनमध्ये याला नाव नाही, हिब्रूच शब्द ठेवला तर कुणाला कळणार नाही, भोपळा म्हटलं तर मुळात नाही ते म्हटल्यासारखं होईल, म्हणून माझ्या आधीच्या काही ग्रीक भाषांतरकारांनी आयव्ही केलं तेच मी घेतलं.

वर्णन परत वाचा. हा एरंड आहे! आजचे बहुतेक अभ्यासक तेच मानतात. आमच्या वाडीच्या बांधावर नेहमी असायचा, कोणी लावायचं नाही, पावसात आपोआप यायचा, पंजासारखं पान, खाली लालसर देठ, काटेरी हिरवी बोंडं. पान तव्यावर शेकून आजी गुडघ्याला बांधायची. ओसाड गावी एरंड बळी असं आपण म्हणतो, आणि योना बसलाय तो ओसाडच आहे, तिथे तेवढीच सावली. मराठी माणसाला ही गोष्ट एका शब्दात कळली असती, आणि जेरोमला झाड डोळ्यासमोर असून शब्द मिळाला नाही. भोपळा पण चूक आणि आयव्ही पण चूक. फक्त आपण का चुकतोय हे त्याने लपवलं नाही, लिहून ठेवलं.

प्रश्न : रोमला मायकेलअँजेलोचा मोशे बघितला, डोक्यावर दोन शिंगं! गाइड म्हणाला भाषांतराची चूक. कुणाची? (मिरारोडहून एक वाचक)

जेरोमची असं सगळे म्हणतात, मी अर्धंच म्हणेन. बायबलमधलं निर्गम नावाचं पुस्तक, ३४:२९, मोशे देवाला भेटून सीनाय डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी होतो. हिब्रू क्रियापद जिथून येतं तो शब्द केरेन, म्हणजे शिंग, आणि डोक्यातून निघणारे किरण पण शिंगासारखेच दिसतात म्हणून तेजाचा अर्थ. सत्तरी भाषांतराने तेज घेतलं, जेरोमने शब्दाशी प्रामाणिक राहून शिंग घेतलं. अज्ञानाने नाही, ग्रीकमध्ये काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि बायबलमध्ये शिंग म्हणजे सामर्थ्य, स्तोत्रांत ठिकठिकाणी आहे. पण लोकांनी पुस्तक वाचलं नाही, चित्र बघितलं, आणि शिंगं डोक्यावर बसली. पुढे चित्रांतून यहुद्यांची थट्टा करायला शिंगं वापरली गेली, ते वाईट झालं.

प्रश्न : त्याच्या कामात बायकांचा हात होता हे खरं का? (पुण्याहून एक वाचक)

खरं, आणि याच्यावर वेगळा लेख हवा. रोममध्ये मार्सेला नावाची विधवा होती, तिच्या घरी बायका जमून शास्त्र वाचायच्या, ती जेरोमला प्रश्न विचारून भंडावून सोडायची आणि तो म्हणाला म्हणून काही मान्य करायची नाही, स्वतः तपासायची. पॉला त्याच गोटातली, श्रीमंत घरची विधवा. ती आणि तिची मुलगी युस्टोकियम जेरोमच्या पाठोपाठ पूर्वेला गेल्या, बेथलेहेमला पुरुषांचा मठ, बायकांसाठी मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली ती पॉलाच्या पैशांतून. दोघी हिब्रू शिकल्या, पॉला स्तोत्रं हिब्रूत गायची आणि तिच्या उच्चारात लॅटिनचा वास येत नसे असं जेरोम लिहितो, त्याला स्वतःला तेवढं जमत नव्हतं हेही तो कबूल करतो. कितीतरी पुस्तकं त्याने या मायलेकींच्या नावाने अर्पण केलीत. लोक टोमणे मारायचे की बायकांसाठी लिहितो.

एक गोष्ट मात्र मला जड जाते. पॉलाची मोठी मुलगी ब्लेसिला, तरुण विधवा, जेरोमच्या वळणाने कडक उपास धरले आणि ३८४ मध्ये काही महिन्यांत गेली. अंत्यविधीला लोक संतापले होते की या संन्याशांना शहरातून हाकला. जेरोमने पॉलाला पत्र लिहिलं की एवढं रडू नकोस. मी ते पत्र दोनदा वाचलंय, आणि आईला असं लिहायला नको होतं असंच दोन्ही वेळा वाटलं. डमासस त्याच डिसेंबरात वारला, पाठीशी कोणी राहिलं नाही, पुढच्या वर्षी जेरोम रोममधून बाहेर पडला.

पुण्याच्या वाचकाला जवळचं उदाहरण पण सांगते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाताशी घेऊन अख्खं बायबल मराठीत केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून निघालं, छपाईच्या कामात मिशनमधल्याच बायका होत्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं त्या बाईंनी साध्या बायकांना कळेल असं मराठी शोधत वर्षं घालवली. जेरोमच्या सिसेरोची आठवण मला तिथे येते. आणि आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल तर बऱ्याच घरांत आहे, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. फादर २५ जुलै २०२४ ला गेले.

प्रश्न : संत असून इतका भांडखोर कसा? (नाव न देण्याची विनंती)

होता. टीकाकारांना दोन पायांची गाढवं म्हणालाय. रुफिनस त्याचा तरुणपणापासूनचा जिवलग मित्र, ओरिजेन या जुन्या पंडिताच्या शिकवणीवरून दोघांचं इतकं फाटलं की रुफिनस सिसिलीत मेल्यावर सुद्धा जेरोमने त्याला विंचू म्हटलं. हे मी झाकून ठेवणार नाही, चर्चनेही झाकलेलं नाही, पत्रं सगळी आहेत. ऑगस्टीनशी मात्र शेवटी जुळलं, आणि ते जुळवून घेण्यात ऑगस्टीनचा वाटा मोठा.

प्रश्न : आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि प्रोटेस्टंट शेजाऱ्यांकडे ६६, यात जेरोमचा काही संबंध? (एक कॉलेज विद्यार्थी)

आहे थोडा. हिब्रूत नाहीत ती पुस्तकं वाचावीत पण सिद्धांत त्यांच्यावर उभारू नयेत असं त्याचं मत होतं. चर्चने ती पुस्तकं ठेवली, ट्रेंटला भरलेल्या बिशपांच्या महासभेने १५४६ मध्ये पक्कं केलं, प्रोटेस्टंट सुधारकांनी जेरोमचं मत उचललं. बिशपांनी आग्रह केला तेव्हा त्याने त्यातलं टोबीतचं पुस्तक केलं, आणि कसं तर मूळ अरामी, ते येणारा एक माणूस बसवला, तो अरामीचं हिब्रू करून सांगतोय, जेरोम त्याचं लॅटिन करून बोलतोय आणि लेखनिक लिहितोय, एका दिवसात. व्हल्गेट म्हणतो ते, म्हणजे चर्चमध्ये रूढ झालेलं लॅटिन बायबल, सगळंच त्याचं नाही पण, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, मक्काबी ही जुनीच लॅटिन राहिली.

प्रश्न : बेथलेहेमला त्याची जागा अजून आहे का? पुढच्या वर्षी यात्रेला जातोय. (आगाशीहून एक जोडपं)

आहे. जन्माच्या देवळाला लागून सेंट कॅथरिनचं चर्च आहे, त्यात उजव्या अंगाला खाली पायऱ्या जातात, तिथल्या गुहांमध्ये एक जेरोमची म्हणून दाखवतात. आमच्या ग्रुपला घाई होती, सगळे येशूच्या जन्माची जागा दाखवणाऱ्या चांदीच्या ताऱ्याच्या रांगेत लागले, मी खाली उतरले. थंडगार दगड, छत इतकं खाली की हात वर केला की लागतो, दिवसा पण दिव्याशिवाय अक्षर दिसणार नाही. म्हातारपणी तो लिहितो की रात्रीच्या दिव्यात हिब्रूची बारीक अक्षरं आता डोळ्यांना दिसत नाहीत, दिवसा पण कठीण जातं, ग्रीक टीका तर दुसऱ्याकडून वाचून घेतो. ते वाक्य मला तिथे उभं राहून समजलं. ४१० मध्ये रोम पडलं तेव्हा तिकडून पळून आलेले लोक याच बेथलेहेमला आले, कालचे श्रीमंत आज भाकरी मागत होते, आणि तो यहेज्केल संदेष्ट्यावरचं लिखाण बाजूला ठेवून त्यांच्या मदतीला लागला. ४१६ मध्ये मठांवरच हल्ला झाला, जाळपोळ झाली. मृतदेह पुढे रोमला सांता मारिया माज्जोरेत नेला असं मानतात, तेव्हा गुहेत समाधी शोधू नका.

जाण्याआधी एक करा. त्याचं शेवटचं काम यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं, ते अपुरं आहे, ३२ व्या अध्यायाशी थांबतं. त्या अध्यायात यरुशलेमला वेढा पडलाय, शहर जाणार हे यिर्मयाला ठाऊक आहे, तो स्वतः कैदेत आहे, आणि तरी अनाथोथचं शेत विकत घेतो, सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खत करतो, साक्षीदार घेतो आणि कागद मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावा म्हणून. तेवढा अध्याय घरून वाचून जा, आणि शक्य झालं तर खाली गुहेत पण वाचा, बॅटरी मात्र घेऊन जा, उजेड कमी आहे.